चेहऱ्याच्या शस्त्रक्रियेसाठी मुदत ठेव मोडावी का?

सांगलीच्या एका प्राध्यापिका ताईंनी विचारले आहे : वय ४७. चार वर्षांपासून चेहऱ्याची डावी बाजू आपोआप आक्रसते, डोळा मिटतो, वर्गात फळ्यावर लिहिताना अडचण होते. निदान हेमिफेशियल स्पॅझमचे आहे. दर साडेतीन महिन्यांनी बोटॉक्सचे इंजेक्शन घ्यावे लागते आणि प्रत्येक वेळी १६,००० रुपये खर्च होतात. पुण्यातील न्यूरोसर्जननी शस्त्रक्रियेचा अंदाज ४,२५,००० रुपये दिला आहे. ५ लाखांचा आरोग्य विमा आजार जाहीर करूनच घेतला असून त्याला येत्या एप्रिलमध्ये ३ वर्षे पूर्ण होतील. मुलीच्या पुढच्या वर्षीच्या प्रवेशासाठी ठेवलेली ६ लाखांची मुदत ठेव मोडून आत्ताच शस्त्रक्रिया करावी, की वैयक्तिक कर्ज काढावे?

ताई, शस्त्रक्रियेचा विचार आर्थिकदृष्ट्या चुकीचा नाही. मात्र त्यासाठी पैसा आज आणि या दोन मार्गांनी उभा करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपला इंजेक्शनचा वार्षिक खर्च सुमारे ५५,००० रुपये होतो, म्हणजे आजच्याच दराने पावणेआठ वर्षांत शस्त्रक्रियेइतकी रक्कम खर्ची पडेल, आणि औषधाचे दर वाढत गेले तर त्याआधीच. इंजेक्शनचा परिणाम साधारण तीन महिने टिकतो, मूळ कारण तसेच राहते. बहुतेक रुग्णांत मेंदूच्या तळाशी एखादी रक्तवाहिनी चेहऱ्याच्या नसेवर दाब देत असते. शस्त्रक्रियेत त्या दोहोंमध्ये टेफ्लॉनचा तुकडा बसवून तो दाब दूर करतात. बहुसंख्य रुग्णांना त्याने कायमचा आराम पडतो, तरी काहींना पडत नाही, काहींचा त्रास काही वर्षांनी परततो, आणि त्या बाजूची श्रवणशक्ती कमी होण्याचा धोका लहान असला तरी खरा आहे. शिकवणे हाच ज्यांचा व्यवसाय आहे त्यांनी हा धोका पैशांच्या गणितात दडपू नये. एमआरआय घेऊन दुसऱ्या न्यूरोसर्जनचे मत घेण्यावर होणारा खर्च मी अत्यावश्यक मानतो.

आता विम्याकडे येऊ. आधीपासून असलेल्या आजारांसाठीचा आपल्या पॉलिसीतील ३६ महिन्यांचा प्रतीक्षा कालावधी, म्हणजे ज्या काळात कंपनी अशा आजारांचा खर्च देत नाही तो काळ, एप्रिलमध्ये संपतो. तोपर्यंत तीन किंवा चार इंजेक्शने लागतील, म्हणजे ४८,००० ते ६४,००० रुपये. उलट आज ४,२५,००० रुपयांचे वैयक्तिक कर्ज १४ टक्के दराने पाच वर्षांसाठी घेतले, तर महिन्याला सुमारे ९,९०० रुपयांचा हप्ता पडेल आणि व्याजच १ लाख ६८ हजारांच्या घरात जाईल. हा आजार त्रासदायक असला तरी सहसा जिवावर बेतणारा नसतो. त्यामुळे डॉक्टरांची हरकत नसेल तर एप्रिल उलटू द्यावा आणि मे महिन्याच्या सुट्टीत शस्त्रक्रिया ठरवावी, म्हणजे रजेचा प्रश्नही सुटेल.

मधल्या काळात पॉलिसीचे नूतनीकरण एक दिवसही लांबवू नये. शस्त्रक्रियेचे नाव, अंदाजपत्रक आणि एमआरआयचा अहवाल जोडून कंपनीकडून लेखी उत्तर मागावे : प्रतीक्षा कालावधी नेमका कोणत्या तारखेला संपतो, आणि शस्त्रक्रियेच्या वेळी नसांवर लक्ष ठेवणाऱ्या न्यूरोमॉनिटरिंगसाठी वेगळी मर्यादा आहे का. खोलीभाड्याची मर्यादा अवश्य पाहावी. ती ५,००० असताना आपण ८,००० रुपयांची खोली घेतली, तर पॉलिसीतील प्रमाणशीर कपातीच्या अटीनुसार डॉक्टर आणि शस्त्रक्रियागृहाच्या शुल्कातही त्याच प्रमाणात कपात होऊ शकते. हा फटका अनेक कुटुंबांना घरी जाण्याच्या दिवशी बसतो, आणि तेव्हा हातात काहीच उरत नाही.

इंजेक्शनचे पैसे कंपनी देत नाही, कारण त्यासाठी रुग्णालयात दाखल व्हावे लागत नाही. पण नकाराच्या पत्रात 'सौंदर्योपचार' असे कारण दिलेले असेल, तर निदानाचे प्रमाणपत्र जोडून लेखी तक्रार जरूर करावी. या औषधाला अमेरिकेत पहिली मान्यता १९८९ मध्ये मिळाली ती तिरळेपणा आणि पापण्यांच्या आकुंचनासाठी; सुरकुत्यांसाठीची मान्यता २००२ मधली आहे. खर्च कमी करायचा असेल तर ५० युनिटची कुपी पुरेल का, हे डॉक्टरांना विचारावे. मात्र केवळ स्वस्त म्हणून परस्पर ब्रँड बदलू नये, कारण निरनिराळ्या ब्रँडची युनिटे सारखी नसतात.

मुलीच्या प्रवेशाच्या ठेवीला हात लावू नये. विम्यात न बसणाऱ्या खर्चासाठी आतापासून महिन्याला ६,००० रुपये आवर्ती ठेवीत टाकावेत. वर्षभरात ७२,००० रुपये जमतील. डॉक्टरांनी एप्रिलपर्यंत थांबू नये असे सांगितलेच, तरी ठेव मोडण्याऐवजी त्याच ठेवीवर बँकेकडून कर्ज घ्यावे. त्याचा व्याजदर बहुधा ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्क्यांनीच अधिक असतो आणि ठेवीवरील व्याजही चालू राहते. मात्र त्या स्थितीत प्रवेशाआधी कर्ज फिटणार नाही, म्हणून मुलीसाठी शैक्षणिक कर्जाची चौकशी त्याच भेटीत करून ठेवावी.