वाचकांचे प्रश्न: एका फळीवरचे शंटिंग यार्ड

घरातील छोट्या रेल्वेविषयी आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रांचा रोख या वेळी एकाच गोष्टीकडे आहे. गोल फिरणाऱ्या गाडीपेक्षा वाघिणींची, म्हणजे मालडब्यांची, जुळवाजुळव करणारे, म्हणजे शंटिंगचे मांडणीपट मुंबईच्या घरांत कसे उभे करावेत, असे अनेकांनी विचारले आहे. म्हणून या अंकात त्याच प्रश्नांची उत्तरे देत आहे.

प्रश्न : आमची गिरगावातील चाळीची खोली लहान असून भिंतीलगत साडेपाच फुटांची एक फळी बसवण्यापुरतीच जागा आहे. अंडाकृती रुळांवर फिरणारी गाडी मुले थोडा वेळ पाहतात आणि कंटाळतात. एवढ्या फळीवर खरोखर चालवण्याजोगे काही उभे राहील का?

उत्तर : निश्चित उभे राहील. मुले कंटाळतात याचे कारण जागा कमी आहे हे नसून, त्या गाडीला काही काम नाही, हे आहे. आपण ‘इंगलनूक’ ही मांडणी करावी, असे मी आग्रहाने सुचवतो. ॲलन राइट या इंग्रज छंदकाराने ती लोकप्रिय केली. तिच्यात दोनच सांधे (गाडीला एका रुळावरून दुसऱ्या रुळावर वळवणारे रुळांचे भाग) आणि तीन सायडिंगे (वाघिणी उभ्या करण्याचे बाजूचे रूळ) असतात. एका सायडिंगमध्ये पाच वाघिणी मावतात आणि उरलेल्या दोहोंत प्रत्येकी तीन. तिन्ही सायडिंगे ज्या एका रुळाला येऊन मिळतात, त्याला आपल्या रेल्वेत शंटिंग नेक म्हणतात आणि या नेकमध्ये इंजिन व तीनच वाघिणी राहू शकतात. एकूण वाघिणी आठ असतात. आरंभी मोठ्या सायडिंगमध्ये पाच, एका लहान सायडिंगमध्ये तीन वाघिणी उभ्या करून दुसरे लहान सायडिंग रिकामे ठेवायचे, प्रत्येक वाघिणीची एक अशा आठ चिठ्ठ्यांतून पाच काढायच्या आणि चिठ्ठ्या ज्या क्रमाने निघाल्या त्याच क्रमाने त्या पाच वाघिणींची गाडी मोठ्या सायडिंगमध्ये लावायची, एवढेच काम आहे. असे ६,७२० निरनिराळे क्रम संभवतात, त्यामुळे तेच कोडे पुन्हा समोर येण्याची धास्ती बाळगण्याचे कारण नाही.

आता आपल्या फळीचे माप पाहू. भारतीय रेल्वेची बॉक्स-एन ही उघडी वाघीण १०.७१३ मीटर लांब असते. १:८७ या एचओ प्रमाणात ती सुमारे १२.३ सेंटिमीटर भरते. पाच वाघिणींना ६२ सेंटिमीटर, नेकमध्ये तीन वाघिणी व इंजिन यांना मिळून साधारण ५२, आखूड प्रकारच्या दोन सांध्यांना सुमारे ३६, आणि सांध्यापुढे दोन रूळ एकमेकांपासून पुरेसे दूर होईपर्यंत वाया जाणारी जागा व टोकाचे अडसर यांना पंधरा सेंटिमीटर धरले, तर बेरीज १६५ सेंटिमीटर होते. ही लांबी साडेपाच फुटांच्या किंचित आतच बसते. रुंदी एक फूट पुरे. फळी याहून लहान असेल, तर ३-२-२ अशी धाकटी मांडणी करावी. तिच्यात नेकमध्ये इंजिन व दोन वाघिणी, एकूण वाघिणी पाच आणि लावायची गाडी तीन वाघिणींची असते. तिचे साठच क्रम होतात, पण लहान मुलांच्या आरंभासाठी ते भरपूर आहेत. १:१६० या एन प्रमाणात मात्र पूर्ण ५-३-३ मांडणी तीन-सव्वातीन फुटांतही बसते. तथापि, मुलांच्या बोटांना एचओ सोपे जाते, म्हणून शक्य तेथे मी तेच निवडीन.

एका मोहापासून आपण कटाक्षाने दूर राहावे. फळीवर चार बोटे जागा उरली म्हणून नेक लांबवू नये. या मांडणीचा सारा जीव नेकच्या आखूडपणात आहे. सायडिंगांत अकरा जागा आहेत, वाघिणी आठ आहेत, म्हणजे मोकळ्या जागा तीनच राहतात आणि एका खेपेला बाहेरही तीनच वाघिणी निघू शकतात. नेकमध्ये चौथी वाघीण मावू लागली की कोडे सैल पडते आणि पाचवी मावू लागली की विचार करण्याचे कारणच उरत नाही. म्हणून रूळ ठोकण्यापूर्वी आपल्याजवळच्या प्रत्यक्ष वाघिणी जोडून उभ्या कराव्यात, त्यांची लांबी मोजावी आणि मगच अडसर बसवावा.

चालवताना एक गोष्ट ध्यानात ठेवली तर मार्ग लवकर सापडतो. ढकलून आत न्यायची वाघीण इंजिनापासून सर्वांत दूरच्या टोकाला असावी लागते, आणि गाडीच्या सर्वांत आतल्या जागेवरची वाघीण सर्वप्रथम लावावी लागते. नवखा चालक हवी असलेली वाघीण दिसताच ती रिकाम्या सायडिंगमध्ये ढकलतो आणि तिच्यापुढे आणखी दोन उभ्या करतो. मग ती बाहेर काढण्यासाठी त्याला आधी त्या दोहोंची सोय लावावी लागते.

प्रश्न : ठाण्याहून लिहीत आहे. भारतीय ब्रॉडगेज दाखवायची, तर बाजारात मिळणारा एचओचा रूळ अरुंद दिसतो. हा दोष दूर करता येतो का?

उत्तर : आपले निरीक्षण अचूक आहे. एचओच्या रुळांतील अंतर १६.५ मिलिमीटर असते आणि ते १,४३५ मिलिमीटरच्या स्टँडर्ड गेजसाठी ठरलेले आहे. आपली ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरची, म्हणजे १:८७ प्रमाणात ती १९.३ मिलिमीटर हवी. तेवढ्या अंतराचे सांधे हाताने घडवणे शक्य असले तरी ते धीराचे व सरावाचे काम आहे. शंटिंगच्या मांडणीत तर सर्वाधिक अचूकता सांध्यांतच लागते, म्हणून पहिल्याच कामात तो मार्ग धरू नये.

मात्र एक सुंदर योगायोग आपल्या उपयोगी पडेल. ब्रॉडगेज म्हणजे साडेपाच फूट. एका फुटाला तीन मिलिमीटर, म्हणजे १:१०१.६ हे प्रमाण घेतले, तर साडेपाच फुटांचे नेमके १६.५ मिलिमीटर होतात. याचा अर्थ असा की, एचओचे तयार रूळ, सांधे आणि चाके जशीच्या तशी वापरून फक्त वाघिणींचे सांगाडे तीन मिलिमीटरच्या प्रमाणात पुठ्ठ्याचे, प्लॅस्टिकच्या पत्र्याचे किंवा त्रिमितीय छपाईने केले, तर गेज संपूर्ण बरोबर येते. या प्रमाणात बॉक्स-एन साडेदहा सेंटिमीटरची होते, म्हणजे फळीही थोडी आखूड चालते. अडचण इंजिनाची आहे, कारण तयार यंत्रणा एचओच्या मापाची असते आणि तिच्यावर सांगाडा बेताने बसवावा लागतो. ज्यांना सांगाडे घडवण्याची आवड आहे, त्यांनी हाच मार्ग धरावा. ज्यांना प्रामुख्याने गाडी चालवण्याची आवड आहे, त्यांनी तयार एचओ डबे घ्यावेत आणि जेमतेम तीन मिलिमीटरची तूट मनाला लावून घेऊ नये.

प्रश्न : अमेरिकेतील नातेवाइकांनी नियंत्रक पाठवला आहे. तो येथे चालेल का? डिजिटल नियंत्रण घेणे आवश्यक आहे का?

उत्तर : त्याच्या ॲडॉप्टरवर ‘इनपुट १०० ते २४० व्होल्ट’ असे छापलेले असेल तरच तो थेट लावावा. केवळ १२० व्होल्टचा असेल, तर आपल्या २३० व्होल्टवर तो जळेल आणि धोकाही होईल. एकच इंजिन असलेल्या मांडणीला डिजिटल नियंत्रणाची गरज नसते. बारा व्होल्टचा साधा एकदिश (डीसी) नियंत्रक पुरतो, मात्र तो अगदी मंद गतीला इंजिन न अडखळता चालवणारा हवा.

प्रश्न : वसईला खाडीजवळ राहतो. पावसाळ्यात इंजिन सांध्यावर हमखास अडकते आणि बोटाने ढकलावे लागते. रूळ वारंवार घासूनही फरक पडत नाही. काय करावे?

उत्तर : आपण रूळ कशाने घासता हे लिहिले नाही, परंतु पॉलिश पेपर वापरत असाल तर तो आजच थांबवावा. त्याने रुळावर सूक्ष्म चरे पडतात आणि त्यांत मळ अधिक घट्ट बसतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर केलेले सुती कापड रुळावरून फिरवावे आणि तितक्याच काळजीने इंजिनाची व वाघिणींची चाकेही पुसावीत, कारण रुळावरचा मळ बहुधा चाकांवरूनच पुन्हा परततो. रूळ पितळी असतील तर ते निकेल सिल्व्हरचे घ्यावेत. दमट व खारट हवेत पितळेवर येणारा थर विजेला अधिक अडवतो.

तथापि, इंजिन सांध्यावरच अडकत असेल, तर मूळ कारण बहुधा मळ हे नसून सांध्याची घडण हे आहे. ज्या ठिकाणी दोन रूळ एकमेकांना छेदतात, ते क्रॉसिंग अनेक स्वस्त सांध्यांत प्लॅस्टिकचे असते आणि तेवढ्या लांबीत चाकाला वीज मिळत नाही. लांब इंजिनाची इतर चाके ती उणीव भरून काढतात. शंटिंगचे इंजिन आखूड असते, हळू जाते, म्हणून नेमके तेच तेथे थांबते. यावर खात्रीचा उपाय म्हणजे धातूचे क्रॉसिंग असलेले सांधे घेणे आणि सांधा ज्या बाजूला वळवला असेल त्याप्रमाणे क्रॉसिंगचा विद्युतध्रुव बदलणारा एक लहान स्विच त्याला जोडणे. असे स्विच, तारा आणि सोल्डरिंगचे साहित्य लॅमिंग्टन रोडवर सहज मिळते. संपूर्ण मांडणीत सांधे दोनच असल्यामुळे या एका ठिकाणी खर्च करण्यास मुळीच कचरू नये. दृश्य, इमारती, झाडे हे सारे मागाहून होते, पण जे इंजिन बोटाने ढकलावे लागते ते चालवण्याचा आनंद कोणालाही मिळत नाही. रुळांच्या जोडांवरही विसंबू नये. प्रत्येक तुकड्याला खालून स्वतंत्र तार द्यावी.

फळीविषयी सांगायचे, तर एमडीएफ वापरू नये, पावसाळ्यात ते फुगते. बारा मिलिमीटरचा जलरोधक प्लायवुड घ्यावा, त्याच्या कडा व खालची बाजूही रंगवून बंद करावी आणि रुळांच्या जोडांत कागदाच्या जाडीइतकी फट ठेवावी. वाघिणी हलक्या असल्या तर सांध्यावर घसरतात. अमेरिकेतील छंदकारांच्या राष्ट्रीय संघटनेच्या शिफारशीप्रमाणे एचओ वाघिणीचे वजन मुळात एक औंस आणि लांबीच्या प्रत्येक इंचामागे अर्धा औंस असावे. बॉक्स-एनच्या मापाला ते शंभर ग्रॅमच्या किंचित आत येते. वजनासाठी पोलादी वायसर वापरणार असाल, तर रुळाखाली लोहचुंबक ठेवून वाघिणी सोडवण्याची पद्धत टाळावी, नाहीतर वाघिणी चुंबकाकडे आपोआप सरकतात. बांबूची टोकदार काडी दोन कपलरांच्या, म्हणजे वाघिणी जोडणाऱ्या आकड्यांच्या, मध्ये घालून हलकेच फिरवली की वाघीण सुटते. मला स्वतःला हीच पद्धत अधिक आवडते, कारण हवी तेथे वाघीण सोडता येते आणि खऱ्या शंटमनप्रमाणे गाडीजवळ जावे लागते.

प्रश्न : मांडणीला मुंबईचे स्वरूप द्यायचे आहे. लोकलचे स्थानक दाखवावे का?

उत्तर : लोकलच्या स्थानकावर शंटिंगला वाव नाही. आपण बंदराकडे वळावे. प्रिन्सेस डॉक १८८० मध्ये, व्हिक्टोरिया डॉक १८८८ मध्ये आणि आज इंदिरा डॉक म्हणून ओळखली जाणारी अलेक्झांड्रा डॉक १९१४ मध्ये सुरू झाली, आणि त्यापाठोपाठ १९१५ साली बंदराची स्वतःची रेल्वे धावू लागली. माझगावपासून शिवडीपर्यंतच्या पट्ट्यात गोदामे, कापसाच्या वखारी, कोळसा बंदर, लकडी बंदर अशी ठिकाणे एकमेकांना लागून आहेत. या पट्ट्यातून आपल्या तीन सायडिंगांना तीन कामे सहज नेमून देता येतील: एक कापसाच्या गासड्यांचे, एक कोळशाचे आणि मोठे सायडिंग बाहेरगावी जाणारी गाडी लावण्याचे. पाठीमागे गोदामाची लांब दगडी भिंत केवळ दोन सेंटिमीटर खोलीची केली तरी पुरते, कारण पाहणाऱ्याला तिचा दर्शनी भागच दिसतो.

काळ मात्र आधी ठरवावा. १९७० च्या सुमाराचे दृश्य हवे असेल, तर चारचाकी बंद वाघिणी आणि चित्तरंजनच्या कारखान्यात बांधलेले डब्ल्यूडीएस-४ हे शंटिंगचे इंजिन शोभेल. बॉक्स-एन वाघिणी त्या दृश्यात विसंगत दिसतील. चारचाकी वाघिणी आखूड असल्यामुळे सायडिंगांची मापे नव्याने काढावी लागतील. काम आरंभण्यापूर्वी पुण्याला कोथरूडमधील जोशींचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय एकदा अवश्य पाहून यावे. तेथील मांडणी शंटिंगची नाही, पण सांधे, सिग्नल आणि गाड्या यांचा मेळ बसवण्यातली चिकाटी तेथे डोळ्यांना दिसते.

प्रश्न : दादरला माझी दोन नातवंडे सुट्टीत येतात आणि नियंत्रकावरून भांडतात. एका इंजिनावर दोघांना कसे खेळवावे?

उत्तर : एकाला ड्रायव्हर करावे, दुसऱ्याला शंटमन. ड्रायव्हरने नियंत्रकाखेरीज कशालाही हात लावायचा नाही. सांधे बदलणे, काडीने वाघिणी सोडवणे आणि कोणती वाघीण कोठे न्यायची हे ठरवणे, ही सर्व शंटमनची कामे. दोघांनी बोलायचेही नाही, हातांनी खुणा करायच्या. आपल्या रेल्वेच्या नियमांत या खुणा ठरलेल्या आहेत. हात सावकाश वर-खाली केला की गाडी आपल्यापासून दूर न्यायची. हात शरीरासमोर एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे हलवला की आपल्याकडे आणायची. दोन्ही हात डोक्यावर नेऊन एकमेकांजवळ व दूर केले की कपलर जोडण्यासाठी अगदी हळू यायचे. दिवसा हिरवे निशाण आणि खोलीतले दिवे मालवल्यावर हिरवा दिवा हाती दिला, तर मुले ही कामे किती मन लावून करतात हे आपण स्वतः पाहाल.

वेगाचा नियमही त्यांना समजावून सांगावा. शंटिंगमध्ये ताशी १५ किलोमीटरहून अधिक वेग चालत नाही. एचओ प्रमाणात तो सेकंदाला पाच सेंटिमीटरहूनही थोडा कमी होतो, म्हणजे एक मीटर जायला इंजिनाला किमान एकवीस सेकंद लागले पाहिजेत. फळीच्या कडेला दर दहा सेंटिमीटरवर पेन्सिलीची खूण करून ठेवली, तर घड्याळ लावून वेग तपासता येतो. कोणी लवकर गाडी लावली यावर गुण देऊ नयेत. इंजिनाने किती वेळा दिशा बदलली ते मोजावे. घड्याळाशी शर्यत लावली की वाघिणी आदळू लागतात. उलट, दिशाबदल मोजले की मुले आधी कागदावर बेत आखतात आणि मगच इंजिन हलवतात. एक गाडी लावून झाली की कामांची अदलाबदल करावी, आणि पुढच्या चिठ्ठ्या त्या वेळी जो ड्रायव्हर असेल त्याने काढाव्यात.