आधी कर्ज बघ

प्रिय बाळ,

प्रबंधासाठी जुन्या रोमचा इतिहास वाचताना तुला श्रीमंत प्लेबियन घराणी सापडली आणि तुझा धीर सुटला. ‘पॅट्रिशियन म्हणजे श्रीमंत, प्लेबियन म्हणजे गरीब असं शिकत आलो, ते जर खरं नसेल तर रोमचा वर्गसंघर्ष तरी खरा कशावरून?’ असं विचारतोस आणि लगेच विषय बदलायची परवानगी मागतोस. परवानगी नाही. तुला पडलेला प्रश्न रास्त आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष घाईचा आहे. पॅट्रिशियन म्हणजे रोमची जुनी खानदानी घराणी, प्लेबियन म्हणजे बाकीचे नागरिक; पॅट्रिशियनपण जन्मानं मिळायचं, पैशानं नाही. म्हणून माणूस कुठल्या घराण्यातला हे नंतर बघ, आधी कर्ज बघ.

इ.स.पू. ४९५ चा तो म्हातारा आठव. रोमन इतिहासकार लिव्हीनं हे साडेचार शतकांनंतर लिहिलंय, त्यामुळे शब्दन् शब्द खरा धरू नकोस. पण त्यानं काय दाखवलंय ते नीट पाहा. फोरममध्ये, म्हणजे रोमच्या मुख्य चौकात, एक माणूस येतो. कपडे मळके, दाढी वाढलेली, अंगावर मांस नाही. लोक ओळखतात, हा तर आपल्या सैन्यातला शतकाधिपती, तुकडीचा नायक. छातीवर लढाईतल्या जखमांचे व्रण. तो सैन्यात असताना शेजारच्या सॅबाइन लोकांनी शेत उजाड केलं, घर जाळलं, गुरं नेली. वर कर आला. कर भरायला कर्ज काढलं, व्याजात आजोबा-वडिलांपासूनची जमीन गेली, मग बाकीचं किडुकमिडुक, शेवटी सावकारानं त्यालाच धरून नेलं. तो पाठ उघडी करतो, तिथे फटक्यांचे ताजे वळ. छाती शत्रूनं फोडली, पाठ सावकारानं. ही पाठ समोर असताना ‘संघर्ष खरा कशावरून’ हा प्रश्न तुला पडतोच कसा?

पुढच्या वर्षी लोक शहर सोडून पवित्र टेकडीवर गेले. मेनेनियस अग्रिप्पानं त्यांना पोटाविरुद्ध बंड करणाऱ्या अवयवांची गोष्ट सांगितली, आणि पाठ्यपुस्तकं तिथेच रमतात. पोटाच्या गोष्टीनं कुणाचं व्याज फिटलं? तडजोडीत ट्रिब्यून, म्हणजे प्लेबियनांची बाजू राखणारे त्यांचे स्वतःचे अधिकारी, मिळाले, आणि ती मोठीच कमाई होती. पण लिव्हीच्या तडजोडीत कर्जमाफी शोध, सापडणार नाही. मी वर्गात हेच सांगत राहिले. परीक्षेला पोटाची गोष्ट येते, कर्ज येत नाही, असं मला बजावण्यात आलं, आणि हेकट म्हणून विभागप्रमुखपदही हुकलं. त्याची खंत आहे. पण शिकवलं ते बरोबर होतं, आजही तेच शिकवीन.

आता तुझे श्रीमंत प्लेबियन. लिसिनियस आणि सेक्स्टियस या ट्रिब्यूनांचे कायदे इ.स.पू. ३६७ मध्ये मंजूर झाले, ते तीन होते: भरलेलं व्याज मुदलातून वजा करून बाकी तीन वार्षिक हप्त्यांत फेडायची, ५०० युगेरांपेक्षा (युगेरा हे रोमन जमीनमाप) जास्त जमीन कुणी ठेवायची नाही, आणि दरवर्षीच्या दोन कॉन्सलांपैकी, म्हणजे सर्वोच्च अधिकाऱ्यांपैकी, एक प्लेबियन हवा. लोक म्हणत होते, कर्ज आणि जमीन एवढं द्या, कॉन्सलपद राहू दे. ट्रिब्यून म्हणाले, घ्यायचं तर तिन्ही घ्या. का ते बघ! कर्ज गरिबांच्या मानेवर होतं, कॉन्सलपद श्रीमंत प्लेबियनांना हवं होतं, आणि पहिल्याच्या जोरावर दुसरं पदरात पडलं. पुढे याच लिसिनियसला त्याच्याच कायद्याखाली दंड झाला. मुलाला कायद्यानं वेगळं दाखवून बापलेक मिळून १००० युगेरा बाळगून होते.

म्हणजे तुझे श्रीमंत प्लेबियन संघर्ष खोटा ठरवत नाहीत. तो प्लेबियनांच्या आतही होता, एवढंच ते दाखवतात. राजा, प्रबंधाचा विषय तुझ्या हातात आलाय आणि तू तो टाकून निघालास!

कर्जापायी माणूस बांधून ठेवायची प्रथा लिव्हीच्या मते इ.स.पू. ३२६ मध्ये कायद्यानं मोडली. एका देणेकरी पोराला सावकारानं फटके मारले, त्यावरून लोक उसळले, म्हणून. श्रीमंत प्लेबियन कॉन्सल होऊ लागले त्याला तोवर चाळीस वर्षं झाली होती. ती चाळीस वर्षं हेच तुझं मधलं प्रकरण.

लिव्हीच्या सहाव्या खंडातली ३५ ते ४२ ही प्रकरणं पुन्हा वाच. भाषणं आली की थांब आणि समासात लिही: बोलणारा देणेकरी, की धनको? पहिला खर्डा दिवाळीच्या आत पाठव.

तुझ्या बाई