ड्रुपलचे जुने मोड्युल ११ वर नेण्याच्या कामात नवख्याने कुठून सुरुवात करावी?

तुमचा प्रश्न असा की पीएचपी बऱ्यापैकी येतं, लॅरावेलवर (पीएचपीचं फ्रेमवर्क) वर्षभर काम झालंय, ड्रुपलचे (वेबसाइट बनवायची ओपन सोर्स सिस्टिम) मोड्युल, म्हणजे त्यात जोडायचे भाग, नव्या व्हर्जनवर न्यायला हात लावायचाय, पण 'नोव्हिस' (नवख्यांसाठी) टॅगवाले इश्यू, म्हणजे नोंदवलेली कामं, उघडले की आधीच पंधरा जण येऊन गेलेले असतात. मीही तीन-चार वर्षांपूर्वी ह्याच रांगेत उभा होतो, त्यामुळे सांगतो.

पहिलं म्हणजे तो टॅग सोडा. खरंच सोडा. त्यातली बरीच गर्दी आपल्याकडच्याच कंपन्यांमधल्या पोरांची असते, कारण ड्रुपलच्या साइटवर इश्यूला क्रेडिट मिळतं आणि ते कंपनीच्या नावावर मोजलं जातं. माझ्या जुन्या ऑफिसात तर महिन्याला एवढे क्रेडिट पाहिजेतच असा हिशोब होता, मग काय, जो तो एकच स्क्रीनशॉट परत टाकतोय, 'पॅच (बदलांची फाइल) लागला, छान चालतंय'. मेंटेनर लोक (मोड्युल सांभाळणारे) ह्याला जाम वैतागलेत आणि बरोबर आहे त्यांचं.

त्यापेक्षा तुम्ही स्वतः वापरता असा मोड्युल धरा. साइट नसेल तर डीडेव्हवर (आपल्याच कॉम्प्युटरवर साइट चालवायचं टूल) एक उभी करा, अर्ध्या तासाचं काम आहे. त्यात अपग्रेड स्टेटस नावाचा मोड्युल टाका, तो प्रत्येक मोड्युल स्कॅन करून सांगतो की ह्या फाइलमधल्या ह्या ओळीतलं हे फंक्शन पुढच्या व्हर्जनमधून काढलं जाणार आहे. तीच तुमची कामांची यादी, आणि तिथे रांग नाही.

मग त्या मोड्युलच्या इश्यू क्यूमध्ये (इश्यूंच्या यादीत) जा. ड्रुपल ११ ऑगस्ट २०२४ मध्ये आलं, पण त्याच्या आधीपासूनच प्रोजेक्ट अपडेट बॉट नावाचा एक बॉट हजारो मोड्युलवर आपोआप इश्यू उघडून रेक्टरने (जुना कोड आपोआप बदलणारं टूल) केलेले बदल टाकत होता. असे कितीतरी इश्यू 'नीड्स रिव्ह्यू'वर (कोणीतरी तपासायची वाट बघत) नुसते पडून आहेत. बदल काय, तर बरेचदा मोड्युलची माहिती देणाऱ्या इन्फो फाइलमधल्या एका ओळीत '१० चालेल'च्या पुढे '११ पण चालेल' एवढंच. ती ओळ कोणीही लिहील हो, पण ११ वर मोड्युल टाकून त्याची प्रत्येक स्क्रीन उघडून बघायला कोणाला वेळ नसतो. नवख्या माणसाची खरी जागा ही आहे, कोड लिहिण्याआधी.

आता माझी फजिती ऐका, ड्रुपल १० च्या वेळची. तेव्हा जेक्वेरी वन्स ही लायब्ररी (पानावरच्या एखाद्या भागावर जावास्क्रिप्ट एकदाच चालावं म्हणून) कोअरमधून, म्हणजे मूळ ड्रुपलमधून काढली आणि त्याजागी साधं वन्स आलं. एकाने एका मोड्युलसाठी मर्ज रिक्वेस्ट (बदल घ्या अशी विनंती) टाकली होती, जावास्क्रिप्टमधले सगळे कॉल व्यवस्थित बदललेले. मी साइटवर टाकलं, बटण दाबलं, चाललं, लगेच आरटीबीसी करून मोकळा (म्हणजे तपासलं, कमिटला तयार). दोन दिवसांनी मेंटेनरची कमेंट, लॉगइन न करता बघितलंस का? उघडली इन्कॉग्निटो विंडो तर बटण मेलेलं, कन्सोलमध्ये लाल ओळ की वन्स म्हणजे काय ते माहीत नाही. झालं असं होतं की लायब्ररीजच्या याम्ल फाइलमध्ये डिपेंडन्सी (ह्या कोडला कुठली लायब्ररी लागते ती नोंद) जुनीच राहिली होती. मी अ‍ॅडमिन म्हणून लॉगइन होतो, तेव्हा वरच्या टूलबारने नवीन वन्स आधीच पानावर आणून ठेवलेलं, म्हणून मला चाललं. साध्या व्हिजिटरला टूलबार नाही, तर वन्सही नाही. मग मीच ती एक ओळ बदलली आणि तो माझा ड्रुपलमधला पहिला कोड, रिव्ह्यूमधून निघालेला. तेव्हापासून काहीही तपासायचं तर अ‍ॅडमिन, साधा युजर आणि लॉगइन नसलेला, तिन्ही.

दुसरी एक जागा, एंटिटी क्वेरीतला अ‍ॅक्सेस चेक. म्हणजे साइटवरचा मजकूर शोधताना तो बघायची परवानगी आहे का हेही तपासायचं की नाही. पूर्वी नाही लिहिलं तर ड्रुपल आपणच ट्रू (तपासा) धरायचं, १० पासून स्पष्ट लिहावंच लागतं, नाहीतर थेट एक्सेप्शन. रेक्टर ट्रू टाकून मोकळा होतो, वागणूक जुनीच राहते म्हणून. पण तीच क्वेरी क्रॉनमध्ये (ठरावीक वेळाने आपोआप चालणारी कामं) असेल तर? क्रॉन अनॉनिमस, म्हणजे लॉगइन नसलेला युजर म्हणून चालतो, मग त्याला बघायची परवानगी नसलेले नोड (मजकुराची पानं) क्वेरीतून गळू शकतात. तिथे ट्रू पाहिजे का फॉल्स हे मोड्युल काय करतो ते वाचल्याशिवाय सांगता येत नाही. इश्यूमध्ये एवढं जरी विचारलंत ना, तरी मेंटेनर तुमचं नाव लक्षात ठेवतो.

कोडच लिहायचा असेल तर पीएचपी ८.४ देतो ते इशारे दुरुस्त करायला घ्या. फंक्शनच्या पॅरामीटरला टाइप दिलाय आणि डिफॉल्ट नल आहे, तर टाइपच्या आधी प्रश्नचिन्ह पाहिजे. तुम्ही लॅरावेलवाले, डोळे मिटून कराल. हुक (ड्रुपलच्या कामात मध्येच शिरणारी मोड्युलची फंक्शन) क्लासमध्ये हलवायचं काम (११.१ पासून आलंय) मात्र सुरुवातीला नको, त्याला मोड्युल आतून माहीत लागतो आणि मेंटेनरची मर्जीही लागते.

कमेंट लिहिताना 'टेस्टेड' एवढंच टाकू नका. कुठलं ड्रुपल, कुठलं पीएचपी, कुठल्या पानावर काय दाबलं, काय झालं, चार ओळी. इंग्रजी मोडकंतोडकं चालतं, माझं अजून तसंच आहे.

आणि उत्तराची घाई करू नका, बरेच मेंटेनर फावल्या वेळात हे करतात. माझा एक बदल मर्ज व्हायला अकरा महिने लागले, तोवर आम्ही तो कंपोझरमधून (पीएचपीची पॅकेज आणणारं टूल) पॅच म्हणून आमच्याच साइटवर चालवत होतो.