वाचकांचे प्रश्न : डच वाक्यात क्रियापद कोठे ठेवावे?

प्रश्न : कृषी विषयातील पदव्युत्तर शिक्षणासाठी मला नेदरलँड्समध्ये प्रवेश मिळाला आहे. अभ्यासक्रम इंग्रजीतून असला, तरी तेथील रोजच्या व्यवहारासाठी मी एका इंग्रजी पुस्तकावरून डच शिकत आहे. शब्द पाठ होतात. परंतु क्रियापद कधी मध्ये, तर कधी अगदी शेवटी येते, याचा मेळ लागत नाही. कृपया मार्गदर्शन करावे.
– एक विद्यार्थिनी, विश्रामबाग, सांगली

उत्तर : आपली अडचण डच व्याकरणाची कमी आणि ते इंग्रजीतून शिकण्याची अधिक आहे, असे आम्हांस वाटते. इंग्रजीत क्रियापद कर्त्याच्या मागोमाग येते, म्हणून इंग्रजी पुस्तकाला शेवटी आलेले क्रियापद हा विशेष प्रकार वाटतो. आपल्याला मात्र ती घरचीच रीत आहे. 'कारण माझे वडील सांगलीत हळद विकतात' हे डचमध्ये 'ओमदात मेइन फादर इन सांगली कुरकुमा फरकोप्त' असे होईल. ओमदात म्हणजे कारण, कुरकुमा म्हणजे हळद आणि फरकोप्त म्हणजे विकतात. सांगलीला लागलेला प्रत्यय 'इन' होऊन आधी आला, एवढे सोडले तर क्रम जसाच्या तसा आहे.

हा झाला गौण वाक्याचा क्रम. मुख्य वाक्यात काळ दाखवणारे क्रियापद तेवढे उचलून दुसऱ्या स्थानी आणावे लागते : 'मेइन फादर फरकोप्त इन सांगली कुरकुमा'. दुसरे स्थान म्हणजे दुसरा शब्द नव्हे, तर दुसरा घटक. 'मेइन फादर' हे दोन शब्द मिळून एकच घटक होतो. आरंभी 'इन सांगली' ठेवले, तरी क्रियापद आपली जागा सोडत नाही, कर्त्यालाच त्याच्या मागे जावे लागते : 'इन सांगली फरकोप्त मेइन फादर कुरकुमा'. इंग्रजीची सवय झालेले विद्यार्थी नेमके येथेच कर्ता आधी घेतात आणि वाक्य बिघडते.

1975 मध्ये यान कॉस्टर या डच भाषाशास्त्रज्ञाने अशी मांडणी केली, की डचचा मूळ क्रम कर्ता, कर्म, क्रियापद असाच असून मुख्य वाक्यात क्रियापद पुढे सरकते. आपण अभ्यासातही हीच वाट धरावी. आधी मराठीच्या क्रमाने वाक्य जुळवावे आणि मुख्य वाक्य असेल तर काळ दाखवणारा भागच पुढे न्यावा, बाकी काही हलवू नये. 'वडिलांनी हळद विकली आहे' याचे 'मेइन फादर हेफ्त कुरकुमा फरकॉख्त' होते, कारण 'हेफ्त' हे सहायक क्रियापद पुढे गेले आणि 'विकली' या अर्थाचे रूप शेवटीच राहिले. 'मी तुला उद्या फोन करीन' यासाठी 'इक बेल ये मॉर्खन ऑप' म्हणतात. मूळ क्रियापद 'ऑपबेलन' असून त्यातील 'बेल' पुढे गेले आणि 'ऑप' मागे राहिले. पुस्तके हे दोन स्वतंत्र धडे करतात. आमच्या मते नियम एकच आहे.

एक खोच मात्र ध्यानात ठेवावी. 'कारण' या अर्थी डचमध्ये 'वान्त' असाही शब्द आहे आणि त्याच्यापुढे मुख्य वाक्याचाच क्रम येतो. सराव होईपर्यंत 'ओमदात'वरच भागवावे.

प्रश्न : नियमित क्रियापदांच्या भूतकाळात कोठे 'ते', तर कोठे 'दे' का लागतो?
– एक वाचक, कऱ्हाड

उत्तर : शाळेत शिकलेली कठोर आणि मृदू व्यंजने आठवावीत. क्रियापदाच्या शेवटचा 'अन' काढल्यावर त, क, फ, स, ख, प यांपैकी कठोर ध्वनी उरला, तर 'ते' लागतो, एरवी 'दे' : वेर्कन, म्हणजे काम करणे, याचे वेर्कते, वोनन, म्हणजे राहणे, याचे वोनदे. डच मुलांना ही व्यंजने लक्षात राहावीत म्हणून 'त कॉफस्खिप' हे जुन्या मालवाहू जहाजाचे नाव पाठ करायला लावतात. आपल्याला त्याचीही फारशी गरज पडू नये. रेइझन, म्हणजे प्रवास करणे, याच्या भूतकाळात लिहिताना 'स' येतो. पण मूळ ध्वनी 'झ' हा मृदू असल्याने तेथे 'दे'च लागतो.

प्रश्न : डच नामाआधी (इंग्रजी 'the'च्या अर्थी) 'द' घ्यावे की 'हेत', हे मराठीतील लिंगावरून ओळखता येईल काय?
– एक वाचक, तासगाव

उत्तर : नाही. पुस्तक, मूल, वर्ष, पाणी या आपल्या नपुंसकलिंगी शब्दांचे डच प्रतिशब्द 'हेत' घेतात हे खरे. पण झाडाला 'द बोम' म्हणतात आणि तेथेच हा हिशेब फसतो. अनेकवचनात नेहमी 'द' येते. लघुत्वदर्शक रूपांना एकवचनात नेहमी 'हेत' लागते. मुलगी या अर्थाचा शब्द मुळात असे रूप असल्याने 'हेत' घेतो. शेवटी 'इंग' किंवा 'हेइत' हे प्रत्यय असलेली भाववाचक नामे 'द' घेतात. बाकी प्रत्येक नाम 'द' किंवा 'हेत' यांसहच पाठ करावे, कारण चूक तेवढ्यावर थांबत नाही, ती विशेषणातही उतरते : मोठे झाड 'अन ख्रोते बोम', पण मोठे पुस्तक 'अन ख्रोत बुक'.