‘डिफरंट ट्रेन्स’मध्ये टेपवरचे बोलणे आणि समोर वाजणारी तंतुवाद्ये एकमेकांशी कशी जुळतात?

वाद्ये बोलण्याशी जुळवून घेतात, बोलणे वाद्यांशी नव्हे. 1988 साली क्रोनॉस क्वार्टेट या चार तंतुवादकांच्या संचासाठी ही रचना करताना अमेरिकन संगीतकार स्टीव्ह राइश यांनी, त्यांच्याच टिपणानुसार, लहानपणी आपल्याला सांभाळणारी बाई, रेल्वेतील एक निवृत्त सेवक आणि नाझी संहारातून वाचलेले ज्यू यांच्या ध्वनिमुद्रणांतून ज्यांत सूर बऱ्यापैकी स्पष्ट ऐकू येतो असे छोटे तुकडे निवडले, त्यांतील चढउतारांचे शक्य तितके अचूक स्वरलेखन केले आणि तेच स्वर वाद्यांना दिले. त्यामुळे स्त्रियांच्या बोलण्याची चाल व्हायोला उचलतो, तर पुरुषांची चेलो. प्रत्येकाच्या बोलण्याचा वेग निराळा असल्याने नवा तुकडा येताच लयही झटकन बदलते, आणि रचनेतली खरी अस्वस्थता, माझ्या मते, त्या झटक्यातच आहे. टेपवर या आवाजांखेरीज गाड्यांच्या शिट्ट्या आणि आधी वाजवून ठेवलेले क्वार्टेटचे थरही असतात. अर्थात टेप कोणासाठी थांबत नाही, म्हणून वादकांना लय मनाप्रमाणे सैल सोडता येत नाही. पुढे ‘सिटी लाइफ’ या रचनेत (1995) मात्र राइश यांनी सॅम्पल (ध्वनिमुद्रित आवाजांचे तुकडे) टेपऐवजी कीबोर्डवरून प्रत्यक्ष वाजवायला दिले.