कृष्णाबाईच्या उत्सवाची सहल काढताय? आधी जेवणाचं बघा

कृष्णाबाईच्या, म्हणजे देवी मानलेल्या कृष्णा नदीच्या उत्सवासाठीचा तुमचा आराखडा वाचला: पुण्याहून पंचेचाळीस आसनी तीन बस, शनिवारी सकाळी वाई, दिवसभरात सातही घाट, दुपारी उत्सवाचा महाप्रसाद, संध्याकाळी दीपदान, रविवारी बावधनचं बगाड, म्हणजे बैलांनी ओढायचा यात्रेतला गाडा. भाड्यात 'एक वेळचं भोजन' धरलंय. हे भोजन म्हणजेच तो महाप्रसाद, असं तुम्ही खाली प्रतिसादात लिहिलंय. नेमकी हीच ओळ आम्हीही आमच्या सहलीच्या पत्रकात एकदा छापली होती आणि ती आम्हाला सगळ्यात महागात पडली, म्हणून एवढं लांब लिहितोय. गाडीचा परवाना, विमा, हॉटेल वगैरे तुम्हाला माहीत असेलच, त्यात शिरत नाही.

आधी आराखड्यातली मूळ गफलत. उत्सव सातही घाटांवर एकाच दिवशी नसतो. भीमकुंड आळी, मधली आळी, धर्मपुरी, गणपती आळी, ब्राह्मणशाही, रामडोह आळी आणि गंगापुरी या घाटांकाठच्या सात वस्त्यांचे उत्सव माघ-फाल्गुनात पाळीपाळीने होतात. एका आळीचा उरकला की पुढच्या आळीचा. ज्या आळीची पाळी, तिच्या घाटावर मांडव पडतो, देवी येते, कीर्तन-प्रवचन, हळदीकुंकू, आरत्या होतात. बाकीच्या घाटांवर त्या दिवशी धुणं चाललेलं असतं. तेव्हा 'एका दिवसात सात घाटांचा उत्सव' असं विकलंत तर लोकांना सहा रिकामे घाट दाखवावे लागतील. एका दिवसाला एकच आळी धरा. उरलेला वेळ नदी आणि गाव दाखवण्यात घाला, त्यात भरपूर ऐवज आहे.

तारखांचंही तसंच. गेल्या वर्षीची इंग्रजी तारीख उचलून पुढच्या वर्षी लावता येत नाही. महाशिवरात्रीचंच बघा: २०२५ मध्ये २६ फेब्रुवारी, २०२६ मध्ये १५ फेब्रुवारी आणि २०२६ च्या अधिक ज्येष्ठामुळे २०२७ मध्ये थेट ६ मार्च. अकरा दिवस मागे आणि मग एकोणीस दिवस पुढे. उत्सवाचंही असंच सरकतं. त्यातून शनिवार तुमच्या सोयीने येणार नाही. जाहिरातीत तिथी छापा, सोबत दोन पर्यायी तारखा द्या आणि आळीची कार्यक्रमपत्रिका हातात पडेपर्यंत पूर्ण पैसे घेऊ नका. पत्रिका बऱ्याचदा अगदी तोंडावर येते. पंचांगावरून अंदाज बांधता येतो, पण कीर्तन कोणत्या संध्याकाळी आणि पंगत कोणत्या दुपारी हे आळी ठरवते.

आता प्रसाद.

आळीचा महाप्रसाद वर्गणीवर आणि घरोघरच्या शिध्यावर उभा असतो. आदल्या रात्री आचाऱ्याला आकडा सांगितला जातो आणि तांदूळ-डाळ त्याच हिशेबाने निघते. मोठ्या पंगतीत किलोभर तांदळात आठ-दहा माणसं उठतात. म्हणजे न सांगता आलेली चाळीस माणसं चार-पाच किलो तांदूळ, दोनेक किलो तूरडाळ आणि त्या मानाने भाजी-गोड खातात. दुपारी साडेबाराला चुलाणावरचं पातेलं रिकामं झालं की नव्याने आधण ठेवून भात उतरायला तास जातो. तो तास कोण थांबतं? आळीतली म्हातारी माणसं आणि सकाळपासून वाढणाऱ्या बायका, कारण त्या शेवटच्या पंगतीला बसतात. पाहुणे म्हणून तुमच्या लोकांना पहिल्या पंगतीला बसवतील, कुणी तोंडावर काही बोलणार नाही. आणि मग कुणाच्या तरी हातात तुमचं पत्रक पडतं. त्यात 'भोजन समाविष्ट' असं छापलेलं असतं आणि शेजारी भाडं. आळीने देवीच्या नावाने फुकट वाढलेलं अन्न तुम्ही विकलंत, असा त्याचा सरळ अर्थ होतो. मनात तसं नव्हतं हे सांगून उपयोग नाही, कागद तसं सांगतो. त्यानंतर आम्हाला कुणी 'येऊ नका' म्हटलं नाही. फक्त फोनवर वेळा कळेनाशा झाल्या. उत्सवाचं गाव असं बंद होतं आणि पुन्हा उघडायला वर्षं जातात. नंतर दिलेल्या देणगीने हे भरून निघत नाही, उलट ती किंमत चुकती केल्यासारखी दिसते.

म्हणून माझं स्पष्ट मत: पत्रकात, फोनवर, व्हॉट्सॲपच्या संदेशात, कुठेही 'प्रसाद' हा शब्द सोयींच्या यादीत येता कामा नये. दुपारचं जेवण गावातल्या खाणावळीत पैसे भरून ठरवा, माणशी ठरवा आणि प्रसाद मिळाला तरी ते रद्द करू नका. आळीने स्वतःहून बोलावलं तर शेवटच्या पंगतीला बसा. शिधा द्यायचा तर चार-पाच दिवस आधी नेऊन द्या आणि स्वतःच्या डोक्यांपेक्षा जास्त द्या. सोळा माणसं असतील तर पन्नासांचा धरा: पाच-सहा किलो तांदूळ, अडीच किलो तूरडाळ, तेल, गूळ. काय हवं ते आधी विचारून घ्या, नाहीतर सगळे तांदूळच आणतात. रोख देणगी वेगळी, उत्सव समितीच्या नावाने, पावती घेऊन. त्या पावतीचा फोटो जाहिरातीत लावू नका. तुमच्या लोकांपैकी कुणाला वाढायला उभं राहायचं असेल तर आधी परवानगी काढा, काही ठिकाणी सोवळ्याचे नियम असतात.

यावर मतभेद असतील. काही जण म्हणतील, प्रसाद सगळ्यांसाठीच असतो. असतोच. वाटेवरून आलेल्या माणसासाठी असतो, बसने आणलेल्या एकशे पस्तीस जणांसाठी नाही.

त्यावरूनच संख्या. घाटावरच्या मांडवात एका वेळी बारा ते सोळा बाहेरची माणसं खपून जातात, त्यापुढे ती गर्दी दिसायला लागते. सतरा आसनी टेम्पो ट्रॅव्हलर हा योग्य आकार. मोठी बस जुन्या पेठेत वळत नाही, मग लोकांना लांब उतरवून चालवावं लागतं आणि साठीच्या पुढच्या माणसांचे गुडघे तिथेच संपतात. तीन बसऐवजी एकेक गाडी वेगवेगळ्या आळींच्या दिवशी आणा. हिशेब तोच बसतो आणि गावाला ओझं होत नाही.

दिवस असा बसवा. पुण्याहून सहाला निघालात तर खंबाटकी ओलांडून सुरूर फाट्यावरून साडेआठच्या आत वाईत. चहा आणि स्वच्छतागृह आधी. हे आधी म्हणतोय, कारण घाटांवर ती सोय धरूनच चालू नका. बायकांची कुचंबणा झाली की पुढचं काहीच लक्षात राहत नाही. मग ढोल्या गणपती. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधलेलं हे देऊळ फक्त मोठी मूर्ती म्हणून दाखवू नका. मागे नेऊन भिंत दाखवा, माशासारखी निमुळती बांधलीय. पुराचं पाणी तिच्यावर येऊन दुभंगावं म्हणून. नदीकाठच्या माणसांनी नदीशी कसं जुळवून घेतलं, ते त्या एका भिंतीत कळतं. शेजारचं काशीविश्वेश्वर, त्याचा गुळगुळीत काळा नंदी, मग मेणवली. तीनेक किलोमीटर. नाना फडणवीसांचा वाडा खासगी आहे, आधी विचारून जा. घाटावरच्या देवळात वसईच्या मोहिमेनंतर (१७३९) आलेली पोर्तुगीज घंटा आहे, बाळ येशू आणि मेरीची आकृती असलेली. कुणालाही ती वाजवू देऊ नका, पन्नास जणांनी वाजवली की गावाचं डोकं उठतं.

साडेबाराला जेवण आणि नंतर दोन ते चार सक्तीची विश्रांती. हे दोन तास कुणी ठेवत नाही, सगळे पाचगणीची टूम काढतात. पसरणी घाटात शनिवारी अडकलात की संध्याकाळची आरती गेली. ज्यांना झोपायचं नसेल त्यांना गावातून चालवा: ज्या गावात मराठी विश्वकोशाचं काम झालं, प्राज्ञपाठशाळा उभी राहिली, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी राहिले, ते गाव पायीच कळतं. साडेचारला घाटावर.

घाटावर माहिती सांगायची नाही. ती चारच्या आधी, गाडीत किंवा ओट्यावर उरकून घ्या. कीर्तन चालू असताना शेजारी उभं राहून माइकवर अफजलखान सांगणारा गाइड मला सहन होत नाही आणि आळीलाही होत नाही. अफजलखानाच्या स्वारीच्या वेळी नवस बोलला गेला आणि १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडावर यश आल्यावर हा उत्सव सुरू झाला, असं परंपरा सांगते. ते परंपरा म्हणूनच सांगा. बायकांना हळदीकुंकवाला आत बोलावतील, त्यांच्यासोबत ओटीचं सामान असू द्या. पुरुष आणि कॅमेरे बाहेर. ड्रोन अजिबात नको.

दीपदान तुम्ही 'कार्यक्रम' म्हणून धरलंय, तो काढा. एक तर ते आळीच्या क्रमात असेल तेव्हाच व्हावं. दुसरं, घाटाशी पाणी किती असेल हे वरच्या धोम धरणातून किती सोडलंय त्यावर असतं. कधी खालच्या पायऱ्या कोरड्या, कधी शेवाळलेल्या पायरीवर वीतभर पाणी. झिजलेला काळा दगड, शेवाळ, सांडलेलं तेल आणि अंधार, यात माणूस पडतो. वाई तालुक्यातल्या मांढरदेवीला २५ जानेवारी २००५ ला अडीचशेहून जास्त भाविक चेंगरून गेले. निसरड्या पायऱ्या आणि अरुंद वाट हे त्याच तालुक्याने भोगलंय, तेव्हा हा विषय तिथे सहज घेऊ नका. दिवे सोडायचेच झाले तर पानांचे द्रोण. थर्माकोलवर २०१८ पासून राज्यात बंदी आहे. दर आठ माणसांमागे एक जबाबदार माणूस, खालच्या तीन पायऱ्यांवर कुणी नाही, टॉर्च प्रत्येकाकडे.

परवानग्यांबद्दल थोडं, आणि इथे माझा सूर चढेल. घाट कुणाचा, नदीचं पात्र कुणाचं, गाडी उभी करायची जागा कुणाची, याची उत्तरं वेगवेगळ्या टेबलांवर मिळतात. एका कार्यालयात आम्हाला तीन खेपांना 'हे आमच्याकडे येत नाही, पण करा खुशाल' असं तोंडी सांगितलं गेलं आणि ऐन दिवशी त्याच कार्यालयाचा माणूस कागद मागायला उभा राहिला. लेखी 'नाही' दिलं असतं तर निदान वेळेत दुसरीकडे गेलो असतो. त्यामुळे निदान पंचेचाळीस दिवस आधी अर्ज, दोन प्रती, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक. 'आमच्याकडे येत नाही' हेसुद्धा लेखी मागा. मी कायद्याचा जाणकार नाही, नियम बदलतात, स्थानिक पातळीवर पुन्हा विचारून घ्या.

बगाड रविवारी धरलंय, तेही काढा. बावधनचं बगाड रंगपंचमीला असतं, म्हणजे फाल्गुन वद्य पंचमीला. कुठल्याही शनिवारला जोडून ते मिळत नाही. आणि त्याची जात वेगळी. कृष्णाकाठच्या सोनेश्वरापासून बैलजोड्या तो प्रचंड गाडा शेतांतून ओढत गावात आणतात. वाट ठरलेली असली तरी बैल बिथरले की गर्दी कुठेही धावते. पहिल्या वर्षी नेऊच नका. पुढे नेलंत तर मार्गाच्या आडव्या बाजूला, उंच जागी, बांधामागे उभं करा, गाड्याच्या पुढे कधीही नाही.

कुणीतरी मार्ग नरसोबाच्या वाडीपर्यंत वाढवा असं सुचवलंय. वाढवा, पण वेगळी सहल म्हणून. तिथलं दक्षिणद्वार पाहायला लोक उत्सुक असतात. पुराचं पाणी देवळात चढून पादुकांवरून दक्षिण दाराने बाहेर पडतं तेव्हाच ते होतं, म्हणजे पंचगंगा आणि कृष्णा ठरवतात. त्याची तारीख विकता येत नाही, आणि पाणी चढत असताना बाहेरच्या माणसांची गर्दी तिथे नेणं मला पटत नाही. कन्यागत, म्हणजे गुरू कन्या राशीत जातो तेव्हाचं पर्व, मात्र आधी कळतं: मागचं २०१६ मध्ये लागलं, पुढचं २०२८ मध्ये. त्याची तयारी करायची तर आतापासून तिथल्या लोकांशी बोलायला लागा.

राहिली परतीची वेळ. आठची वेळ छापू नका. कीर्तनकार रंगात आला की साडेनऊ होतात आणि मधून उठून चपला शोधणारी सोळा माणसं सगळ्या मांडवाला दिसतात. चालकाला आधीच उशिराचे पैसे सांगून ठेवा, चपला गाडीतच पिशवीत ठेवा आणि आरती झाल्यावरच उठा.