लालबागमध्ये काम सुरू करताय? आधी दुकानाच्या पायरीवर बसा

ताई, लालबागच्या छोट्या व्यावसायिकांसाठी काम करणाऱ्या आपल्या संस्थेची जबाबदारी घेतलीत, फार बरं वाटलं. पहिल्या महिन्यात मात्र एकही नवी योजना जाहीर करू नका. चिवडा गल्लीत, मसाल्याच्या दुकानांत दुपारी जा. गिऱ्हाईक कमी असतं, मालक मोकळेपणाने बोलतो. मी पहिली बैठक संध्याकाळी सहाला ठेवली होती. अर्ध्या तासात निम्म्या खुर्च्या रिकाम्या, कारण ती ऐन धंद्याची वेळ. त्यांच्यावर रागावण्यात अर्थ नव्हता, चूक माझी होती.

मग एकच छोटं काम घ्या आणि तडीस न्या. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्यांची सरकारदरबारी नोंद, उत्तम: १ जुलै २०२० पासून सुरू आहे, सरकारी संकेतस्थळावर फुकट होते. तरी एजंट पैसे उकळतात. पाच जणांची शेजारी बसून करून द्या, सहावा आपणहून येईल.

नवख्यांच्या नेहमीच्या चुका:
- जुन्या कार्यकर्त्यांना डावलणं. बदलाची गोष्ट त्यांच्याच तोंडून येऊ द्या, लोक त्यांना ओळखतात.
- फक्त मोठ्या दुकानांत जाणं. फेरीवाले आणि घरून पापड-लोणची विकणाऱ्या बायका राहून जातात.

देणग्या, सीएसआर (कंपन्या सामाजिक कामासाठी देतात तो पैसा) वगैरे नंतर बघू. या आठवड्यात दहा दुकानं फिरा आणि काय ऐकलंत ते मला कळवा.